नाल्याला रंग येतो, रिपोर्ट मात्र लिमिटमध्ये: असं का होतं आणि नेमकं काय मागायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कोपरखैरणेला राहता, एमआयडीसीकडून खाडीकडे जाणाऱ्या नाल्याला रात्री लालसर पाणी येतं, वासाने खिडक्या लावून घ्याव्या लागतात, दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा माणसं आली, सॅम्पल नेलं आणि उत्तर आलं की सगळं लिमिटमध्ये आहे. आता तुम्ही विचारताय की एवढे कायदे आहेत, प्रदूषण नियंत्रण बोर्ड आहे, पर्यावरणाच्या केस चालवणारा हरित लवाद आहे, तरी हे थांबत का नाही, सगळे विकले गेलेत का आणि साध्या माणसाने करायचं तरी काय.

मी रबाळे, पावणे, तळोजा या पट्ट्यात कारखान्यांचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचे प्लांट, चालवायचं आणि बिघडलेले परत मार्गी लावायचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे कंपनीच्या गेटच्या आत काय चालतं ते मला जवळून माहीत आहे. माझं म्हणणं असं की सॅम्पलच्या मागे लागून तुमच्या हाती फार काही लागणार नाही. प्लांट रोज चालतो की नाही याचा हिशोब मागा. वीज, पाणी आणि गाळ. या तीन गोष्टी खोट्या करणं एका बाटलीतलं पाणी चांगलं दाखवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

आधी सॅम्पल स्वच्छ का निघतं ते बघू. पाणी सुटतं रात्री एक-दोनच्या सुमारास, तुम्ही तक्रार टाकता सकाळी, फील्ड ऑफिसर येतो दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि मधल्या वेळात खाडीला भरती येऊन गेलेली असते. आपले खालचे नाले भरतीच्या पाण्याने फुगतात, दिवसातून दोनदा, त्यामुळे भरतीच्या वेळी घेतलेल्या सॅम्पलमध्ये अर्धीअधिक खाडीच असते. त्यात वरून वस्तीचं सांडपाणी मिसळलेलं. अशा पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण मोजायचा आकडा, कितीही आला तरी त्यावरून कुठल्या कंपनीचं नाव काढता येत नाही. बोर्डाला कारवाई करायची तर कंपनीच्या आउटलेटवरचं सॅम्पल लागतं, आणि तेही जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, म्हणजे कंपनीच्या माणसाला तिथल्या तिथे नोटीस देऊन, त्याच्या समोर घेऊन, त्याने मागितलं तर दोन भाग करून, दोन्ही बाटल्या सील करून, दोघांच्या सह्या घेऊन. ही पद्धत पाळली नाही तर त्या सॅम्पलचा रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. माणूस गेटवर येऊन कार्ड दाखवतो, आत फोन जातो, आउटलेटपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्यात एक व्हॉल्व्ह बंद करून दुसरा उघडणं काही कठीण नाही, हे मी आत उभं राहून पाहिलंय.

त्यामुळे नाल्याचा रिपोर्ट लिमिटमध्ये आला म्हणजे अधिकाऱ्याने पैसे खाल्ले असं लगेच धरू नका. काही ठिकाणी खाल्लेही असतील, मी कोणाची बाजू घेत नाही. पण प्रामाणिक अधिकाऱ्यालाही दुपारी भरतीच्या वेळी तिथे हेच मिळणार. एकेका फील्ड ऑफिसरच्या अंगावर शेकडो युनिट असतात, वरून कोर्टाच्या तारखा, कन्सेंटच्या (बोर्डाने कारखान्याला द्यायच्या परवानगीच्या) फायली, गणपतीत विसर्जनाच्या पाण्याचे नमुने. तो रात्री दोनला तुमच्या नाल्यावर येईल ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

आता प्लांटच्या आतलं. एक साधा हिशोब मांडतो, तो नीट वाचा कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. समजा मध्यम आकाराची केमिकल किंवा फूड कंपनी आहे, रोजचं सांडपाणी १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर, आणि बीओडी, म्हणजे जिवाणू खाऊ शकतील अशी घाण किती ते सांगणारा आकडा, १५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे रोज १५० किलो बीओडी काढायचाय. हे काम करतात हवा सोडलेल्या टाकीतले, म्हणजे एअरेशन टँकमधले, जिवाणू आणि त्यांना लागतो ऑक्सिजन, तो येतो ब्लोअरमधून, आणि ब्लोअरला लागते वीज. या लोडला ढोबळ मानाने रोज १५० ते २०० युनिट नुसत्या हवेला जातात. युनिट दहा रुपयाच्या आसपास धरलं तर दिवसाला दीड-दोन हजार, महिन्याला पन्नास-साठ हजार. वर तुरटी, चुना, पॉलिमर, दोन शिफ्टचे ऑपरेटर, गाळाची विल्हेवाट. सगळं धरून दीड-दोन लाखाच्या घरात महिना जातो. मालकाच्या दृष्टीने या पैशातून एक रुपयाचा माल बाहेर पडत नाही. मग मंदी आली की पहिली कात्री इथे लागते, रात्रीचा ब्लोअर बंद. मशीन आहे, कन्सेंट आहे, बाहेर पाटी लावलीय, फक्त रात्री चालत नाही. आणि जिवाणूंना रात्रपाळीची सुट्टी देता येत नाही, काही तास हवा मिळाली नाही की टाकी सडायला लागते.

हे ओळखायची अगदी सोपी टेस्ट आहे, प्रत्येक ऑपरेटर करतो. एअरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये घ्यायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. प्लांट नीट चालू असेल तर चहाच्या रंगाचा गाळ एकसंध खाली बसतो, २५० ते ३५० मिलिलिटरच्या खुणेपाशी थांबतो, वरचं पाणी स्वच्छ, आणि नाक जवळ नेलं तर ओल्या मातीचा वास. ब्लोअर रात्री बंद ठेवणाऱ्याकडे हाच गाळ काळा दिसतो, सडक्या अंड्याचा वास मारतो, काही वेळाने फुगून परत वर यायला लागतो. काही ठिकाणी तर अर्ध्या तासाने तळाला जेमतेम बोटभर थर. म्हणजे टाकीत जिवाणूच नाहीत, नुसतं पाणी फिरतंय. अधिकाऱ्यांबरोबर कधी आत जायची संधी मिळाली तर हे करायला सांगा, त्यासाठी लॅबही लागत नाही आणि रिपोर्टची वाटही बघावी लागत नाही.

पण तुम्हाला आत कोण घेणार, म्हणून गाळाकडे वळू. पाण्यातून घाण काढली तर ती कुठेतरी जमा व्हायलाच हवी, हवेत जात नाही ती. वरच्याच १०० घनमीटरच्या प्लांटमध्ये केमिकल डोसिंग आणि जिवाणूंचा जास्तीचा गाळ मिळून रोज सुका ५० किलो तरी निघायला पाहिजे, पाणी पिळून काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून येतो तेव्हा त्यात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी असतं, म्हणजे ओला पावणेदोनशे-दोनशे किलो. महिन्याला पाच-सहा टन. हा केमिकल गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ३५.३ या नंबराखाली येतो, तो आपल्याकडे तळोज्याच्या घातक कचरा केंद्रावर पाठवावा लागतो, प्रत्येक खेपेला मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीची पावती, बनतं, केंद्रावर वजन होतं, पैसे लागतात, आणि वर्षाचा हिशोब फॉर्म ४ मध्ये दरवर्षी ३० जूनपर्यंत बोर्डाला द्यावा लागतो. आता एखादी कंपनी सांगते की मी रोज एक लाख लिटर पाणी शुद्ध करते आणि वर्षभरात तिने पाठवलाय चार टन गाळ. मग बाकीचे पन्नास-साठ टन कुठे गेले? एक तर गाळ झालाच नाही, म्हणजे प्लांट चाललाच नाही, नाहीतर तो कुठेतरी टाकला. दोन्हीची उत्तरं कंपनीने द्यायची असतात, तुम्ही नाही.

पाण्याचंही तसंच. एमआयडीसीचं पाणी मीटरवर येतं, बिल निघतं. किती पाणी आत आलं, किती मालात गेलं, किती कूलिंग टॉवर आणि बॉयलरमध्ये वाफ होऊन उडालं आणि किती सांडपाणी निघालं याचा मेळ बसला पाहिजे. रोज २०० घनमीटर पाणी घेणारी कंपनी सांडपाणी २० दाखवत असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. दरवर्षीचं पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५, ते ३० सप्टेंबरपर्यंत भरावं लागतं, त्यात पाण्याचा वापर, निघालेलं प्रदूषण, घातक कचरा सगळं कंपनीने स्वतः सही करून लिहिलेलं असतं. माझ्या अनुभवात हे पान कोणी उघडून बघत नाही आणि म्हणूनच ते भरताना कोणी फारशी काळजीही घेत नाही. फॉर्म ५, फॉर्म ४ आणि कन्सेंट एकाशेजारी एक ठेवा, आकडे एकमेकांशी भांडताना दिसतील.

छोट्या युनिटची गोष्ट वेगळी, त्यांचं पाणी पाइपलाइनने सीईटीपीला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक प्लांटला, जातं, आपल्याकडे पावण्याला आहे, तळोज्याला आहे. कल्पना चांगली आहे कारण दहा-वीस घनमीटरवाल्या युनिटला स्वतःचा पूर्ण प्लांट चालवणं झेपत नाही. पण सगळ्यांचं पाणी एका टाकीत येतं म्हणजे एकाने रात्री ॲसिडचा टँक सोडला की शंभर जणांसाठी वाढवलेले जिवाणू मरतात आणि टाकी परत उभी राहायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस खाडीत काय गेलं? शिवाय सीईटीपीच्या इनलेटला पाणी कोणाकडून कसं आलं हे चेंबरवर पहारा ठेवल्याशिवाय कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक रेड कॅटेगरी (बोर्डाच्या वर्गवारीत जास्त प्रदूषण करणाऱ्या) सभासदाच्या जोडणीवर फ्लो मीटर आणि पीएच मीटर असलंच पाहिजे आणि त्याचे आकडे बाकीच्या सभासदांना दिसले पाहिजेत. शेजारच्या कारखानदाराइतका कडक इन्स्पेक्टर दुसरा कोणी नाही, कारण दंड भरायची वेळ आली की तो सगळ्यांच्या खिशातून जातो.

ऑनलाइन मॉनिटरिंगबद्दल तुम्ही विचारलंय. केंद्रीय बोर्डाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना आणि सीईटीपींना सेन्सर बसवायला लावले, ते चांगलंच झालं, पण सेन्सर बादलीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवला तर तो स्वच्छच आकडा पाठवणार. आठवडाभर सीओडीची रेघ अगदी सरळ दिसत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका, खरं सांडपाणी कधीच इतकं शांत नसतं.

कायदा कमी पडतोय का, तर नाही. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधीच, १९६९ मध्ये, स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला, ७ सप्टेंबर १९७० ला आपलं बोर्ड स्थापन झालं, नंतर केंद्राचा १९७४ चा कायदा इथे १९८१ मध्ये लागू झाला. कलम ३३अ खाली बोर्ड कंपनी बंद करू शकतं, वीज-पाणी तोडायला लावू शकतं. २०१७ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने पर्यावरण सुरक्षा समितीच्या केसमध्ये सांगितलं की ईटीपी चालू नसेल तर कारखाना चालवू द्यायचा नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारखान्याच्या रंगाने निळी झालेली तळोज्याची कुत्री देशभर गाजली, फोटो आले, एक युनिट बंद झालं. कासाडी नदीत जाळं टाकणारे कोळी मात्र त्या पाण्याबद्दल किती वर्षं आधीपासून ओरडत होते. जिताडा कमी झाला, जाळ्याला वास येतो, चिंबोरी मिळत नाही, हे ते सांगत होते, पण मासा मेल्याचा आकडा कुठल्याच फॉर्ममध्ये भरायचा नसतो. वालधुनीचं २०१४ चं आठवत असेल, उल्हासनगरजवळ टँकरने केमिकल ओतलं, गॅस झाला, शेकडो लोक दवाखान्यात गेले. म्हणजे माणसं आजारी पडली किंवा कुत्र्याचा रंग बदलला की यंत्रणा हलते. रोजचं हळूहळू मरण तिला दिसत नाही, कारण रोजचा हिशोब कोणी बघत नाही.

दंडाचंही बघा, इथे तुमच्या तक्रारीची खरी किंमत आहे. केंद्रीय बोर्डाचं पर्यावरण भरपाईचं सूत्र आहे, त्यात पाच गोष्टींचा गुणाकार होतो: प्रदूषण निर्देशांक, दिवस, रुपयांचा दर, कंपनीचा आकार आणि जागा. रेड कॅटेगरीला निर्देशांक ८०, दर साधारण २५०, मध्यम कंपनीला १, आणि दहा ते पन्नास लाख वस्तीच्या शहराला १.२५. म्हणजे दिवसाला २५,०००. महिनाभर धरलं तर साडेसात लाख. वर सांगितलेला प्लांट चालवायचा खर्च दीड-दोन लाख. म्हणजे दिवस नीट मोजले तर प्लांट चालवणं स्वस्त पडतं, आणि दोन-तीनच दिवस मोजले तर बंद ठेवणं स्वस्त पडतं. सगळा खेळ दिवसांच्या आकड्यावर आहे, आणि तो साधारणपणे बोर्डाने गडबड नोंदवली त्या दिवसापासून चालू होतो. म्हणून फोनवर तोंडी सांगून सोडून देऊ नका. प्रत्येक वेळी लेखी, तारीख-वेळ-जागा घालून, पोच घेऊन. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीच्या केसमध्ये बोर्डांना अशी भरपाई वसूल करायचा अधिकार आहे हे मान्य केलंय, त्यामुळे "आम्हाला अधिकारच नाही" हे उत्तर आता चालणार नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, सगळा राग कारखान्यांवर काढू नका. खाडीत जाणाऱ्या घाणीत आपल्या संडास-बाथरूमचा वाटा फार मोठा आहे. केंद्रीय बोर्डाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघतं, त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६. नवी मुंबईची स्थिती त्यामानाने पुष्कळ चांगली, इथे मैलापाणी शुद्ध करायचे प्लांट, म्हणजे एसटीपी, आहेत, ऐरोली आणि कोपरखैरणेचं पाणी आणखी शुद्ध करून कारखान्यांना द्यायची व्यवस्था आहे, हे कौतुकाचंच काम आहे. पण गावठाणातल्या आणि झोपडपट्टीतल्या किती लाइनी अजून पावसाळी गटारात सोडलेल्या आहेत ते ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी उभं राहिलं की दिसतं. उल्हास-वालधुनीच्या केसमध्ये, वनशक्ती संस्थेने २०१३ मध्ये हरित लवादाकडे नेलेल्या, लवादाने सीईटीपींबरोबर तिथल्या महापालिका आणि नगरपालिकांनाही जबाबदार धरून दंड लावला होता. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोचा भाग २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. पक्ष्यांचे फोटो काढायला सगळे येतात, एसटीपीचा बीओडी किती आला हे विचारायलाही थोडे आले तर बरं होईल.

आता तुमचं काम. नाल्याला पाणी आलं की फोटो-व्हिडिओ नाल्यावर काढा आणि मग उलटं चालत वर जा, पाणी कुठल्या चेंबरपासून रंगीत आहे ते शोधा. एमआयडीसीत सांडपाण्याची लाइन वेगळी आणि पावसाळी गटार वेगळं. कोरड्या दिवसात पावसाळी गटार वाहत असेल तर तीच तक्रार, रंग असो वा नसो. ओहोटीची वेळ बघून जा, एकट्या जाऊ नका, टँकर दिसला तर जवळ जाऊ नका, लांबून नंबर टिपा आणि पोलिसांना कळवा. चेंबरमध्ये तर वाकूनही बघू नका, त्या गॅसने माणूस मिनिटात खाली पडतो. जूनचा पहिला मोठा पाऊस लक्षात ठेवा, वर्षभर साठवलेलं तेव्हा सोडतात. तक्रार एकाच वेळी तिघांना पाठवा: बोर्डाचं उपप्रादेशिक कार्यालय, एमआयडीसीचा ड्रेनेज विभाग, महापालिका, नाहीतर नाला कोणाच्या हद्दीत यावरच दोन महिने जातात.

मग त्या चेंबरच्या वरच्या पाच-सहा कंपन्यांची नावं घेऊन बोर्डाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. चालू कन्सेंटची प्रत, मागच्या दोन वर्षांचे जेव्हीएस (बोर्डाने कंपनीत जाऊन घेतलेल्या) सॅम्पलचे रिपोर्ट तारीख आणि वेळेसकट, दोन वर्षांचे फॉर्म ५ आणि फॉर्म ४, गाळाच्या मॅनिफेस्टची महिनावार बेरीज, दिलेल्या नोटिसा आणि घेतलेली किंवा जप्त केलेली बँक गॅरंटी. ईटीपीला वेगळं वीजमीटर लावायची अट कन्सेंटमध्ये असेल तर त्याच्या नोंदी. "व्यापारी गुपित" म्हणून नाकारलं तर सांगा की कन्सेंटच्या अटींचं रजिस्टर बाधित माणसाला बघायला मिळालं पाहिजे असं जल कायद्याच्या कलम २५ मध्येच लिहिलंय. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आकडे जुळत नाहीत असं दिसलं की त्याच कायद्याच्या कलम ४९ खाली बोर्डाला ६० दिवसांची नोटीस देता येते, नंतर नागरिक स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो आणि बोर्डाला स्वतःकडचे रिपोर्ट मागितल्यावर त्या नागरिकाला द्यावे लागतात. हरित लवादाचं पुण्याचं खंडपीठ आहेच, पण तिथे कागद तयार असल्याशिवाय जाऊ नका. अर्जाची उत्तरं आली की आधी गाळाचे आकडे काढा आणि मला पाठवा, सांडपाणी किती आणि गाळ किती एवढं कळलं तरी कुठल्या कंपनीपासून सुरुवात करायची ते सांगता येईल.